ट्रॅक डेचं हेल्मेट, हान्स आणि हार्नेस: पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

स्वतःची रोजची गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जायची इच्छा असलेल्या आपल्या मराठी मंडळींकडून मला सारखा एकच प्रश्न येतो, की गिअर कोणतं घेऊ आणि किती खर्च येईल, तर प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांचं काम होईल. डोक्याला नीट बसणारं एसए रेटिंगचं, म्हणजे कार रेसिंगसाठी तपासलेलं, हेल्मेट घ्या, अंगभर सुती कपडे घाला, गाडीचा कंपनीचा सीटबेल्ट आणि एअरबॅग आहेत तसे राहू द्या, आणि उरलेले पैसे ब्रेक फ्लुइड, ब्रेक पॅड आणि ट्रॅकच्या फीला ठेवा. त्याच्या पुढे हार्नेस (रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा बेल्ट), हान्स (मान वाचवणारी खांद्यावरची कॉलर), रोल बार (छत दबू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइप) ह्या वाटेला जायचंच असेल तर सगळं एकदम आणि पूर्ण करा. अधेमधे कुठेतरी थांबलात तर काहीच न केलेल्या माणसापेक्षा तुम्ही जास्त धोक्यात असता, आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, चक्कर मारली की अशा अर्धवट गाड्या दर वेळी दिसतात, ते बघून खरंच जीव खालीवर होतो.

मी जातो ते मुख्यतः न्यू जर्सी मोटरस्पोर्ट्स पार्कला, मिलव्हिलमध्ये. एडिसनहून पावणेदोन-दोन तास लागतात. २००८ मध्ये सुरू झालेला ट्रॅक आहे, दोन सर्किट आहेत, थंडरबोल्ट सव्वादोन मैलांचं आणि लाइटनिंग १.९ मैलांचं, शेजारीच विमानतळ आहे जिथे दुसऱ्या महायुद्धात पी-४७ थंडरबोल्ट विमानांच्या पायलटांचं ट्रेनिंग व्हायचं. गाडी माझी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, हीच गाडी सोमवारी ऑफिसला जाते. ज्या इव्हेंटना जातो त्यांना इकडे एचपीडीई म्हणतात, म्हणजे ही रेस नसते, शिकण्याचा कार्यक्रम असतो, शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर बसतो, टायमिंग घेत नाहीत, आणि ओव्हरटेक ठरलेल्या सरळ पट्ट्यातच आणि पुढच्याने हात बाहेर काढून इशारा दिला तरच. पण रेस नाही म्हणून सगळं हळू असतं असं बिलकुल समजू नका, साधी जीटीआय पण सरळ रस्त्यावर ताशी शंभर मैलांच्या वर आरामात जाते आणि भिंतीला काय कळतंय की तुम्ही शिकायला आलाय का जिंकायला.

आता हेल्मेट. ह्यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण नवशिक्याला सक्तीने लागणारी खरी वस्तू ही एकच, आणि गोंधळ पण इथेच सगळ्यात जास्त होतो. हेल्मेटच्या आत, बहुतेक वेळा अस्तराच्या खाली, स्नेल कंपनीचं एक स्टिकर असतं. कंपनी म्हणजे खरं तर ती फाउंडेशन आहे, पीट स्नेल नावाचा रेसर १९५६ मध्ये रेसमध्ये डोक्याला मार लागून गेला, त्याच्या मित्रांनी, बरोबरच्या रेसर्सनी आणि डॉक्टरांनी मिळून १९५७ मध्ये ती काढली. त्यांचं काम एकच, हेल्मेट आपटून, भोसकून, जाळून बघायचं, आणि पास झालेल्या मॉडेलचे नग नंतर बाजारातून स्वतः विकत घेऊन परत तपासायचे. ट्रॅकवर टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे गाडी ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीला, उभा असलेला माणूस तुमच्या हेल्मेटचा ब्रँड बघत नाही, रंग बघत नाही, अस्तर बाजूला करून ते स्टिकर बघतो. म्हणून विकत घेताना तुम्ही पण तेच आधी बघायचं.

स्टिकरवर एम असेल तर मोटरसायकलचं, के असेल तर कार्टचं, एसए असेल तर कार रेसिंगचं. फरक खूप मोठा आहे हो. एसएला आगीची टेस्ट आहे, म्हणजे शेल, अस्तर, पट्टा ह्यांच्यावर ज्वाला धरतात आणि ती काढल्यावर ठराविक वेळात आपोआप विझावं लागतं, एमला ही टेस्टच नाही. दुसरं, एसएला रोल बारसारख्या गोल लोखंडी दांड्यावर आपटून बघतात, कारण गाडीत डोकं रस्त्यावर आपटत नाही, डोक्याशेजारच्या पाइपवर आपटतं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी. तिसरं, हान्स अडकवायला लागणारे स्क्रूचे आटे अलीकडच्या एसए हेल्मेटमध्ये आधीपासूनच असतात. उलट एमच्या हेल्मेटला डोळ्यांसमोरची फट मोठी असते कारण बाइकवर आजूबाजूचं जास्त दिसायला लागतं. हे इव्हेंट भरवणारे काही क्लब नवशिक्यांना एम चालवून घेतात, काही अजिबात घेत नाहीत. चालवून घेत असले तरी माझं मत एसएच घ्या असं आहे, किमतीत आता फार फरक राहिलेला नाही, साधारण अडीचशे-तीनशे डॉलरपासून चांगली मिळतात.

आकड्याचं पण समजून घ्या. एसए२०१५, एसए२०२०, एसए२०२५ अशी दर पाच वर्षांनी नवी आवृत्ती येते आणि बहुतेक क्लब चालू आणि त्याच्या आधीची अशी दोनच मान्य करतात. म्हणजे कोणी स्वस्तात जुनं एसए२०१५ विकत असेल तर ते का विकतोय ते ओळखा. सेकंडहँड तर हेल्मेट मुळीच घेऊ नका, आतला जो पांढरा फोम असतो तो एका मोठ्या धक्क्यात दबून जातो आणि परत फुगत नाही, बाहेरून शेल चकाचक दिसतं, आत काय झालंय ते विकणाऱ्यालाच माहीत, कधीकधी त्याला पण नाही.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. ऑनलाइन एका मोठ्या विक्रेत्याकडून मागवलं होतं, लिस्टिंगमध्ये ठसठशीत लिहिलेलं की एसए२०२०, फोटो पण तसाच. घरी बॉक्स उघडून अस्तर वर केलं तर स्टिकर एमचं. कस्टमर केअरवाली बाई म्हणाली सर स्नेल तर दोन्हीकडे लिहिलंय ना, मग प्रॉब्लेम काय. तिची चूक नाही, तिला कोणी सांगितलंच नसणार, पण विकणाऱ्याने असं करणं मला पटत नाही, माणूस शुक्रवारी रात्री बॉक्स उघडणार आणि शनिवारी सकाळी सातला टेकच्या रांगेत त्याला परत पाठवणार. परत केलं, पैसे मिळाले, पण तेव्हापासून सगळ्यांना सांगतो की बॉक्स आल्या दिवशी उघडा आणि आधी स्टिकर बघा, मग आरशात बघा.

त्यानंतर दुकानात जाऊन घेतलं, रेसिंगचं सामान विकणारं छोटंसं दुकान आहे, आणि ह्या अनुभवाला मी पाच पैकी पाच देईन. त्या माणसाने आधी टेप घेऊन भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याचा घेर मोजला, मग मला म्हणाला आकडा विसर, आता डोक्याचा आकार बघू. वरून बघितलं तर काहींचं डोकं लांबट, काहींचं गोल, आणि प्रत्येक ब्रँडचा साचा वेगळा, त्यामुळे एकाच साइझचं अराईचं घट्ट बसेल तर बेलचं कपाळावर टोचेल असं होतं. तीन-चार घालून बघितली. घातल्यावर त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवलं आणि माझ्या कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलतेय का ते बघितलं, हलायला हवी, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर मोठं आहे. मग पट्टा लावून मागून वर उचलून पुढे काढायचा प्रयत्न केला, निघता कामा नये. गाल पावभाजीच्या पावासारखे दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी दुखायला नको. आणि मग, ही गोष्ट फार आवडली, तसंच घालून पंधरा-वीस मिनिटं दुकानात फिरायला लावलं, कारण टोचणारी जागा पहिल्या मिनिटात कळत नाही.

चष्मेवाल्यांनी विशेष लक्ष द्या. एसएची फट अरुंद असते त्यामुळे चष्मा आधी काढून, हेल्मेट घालून, मग काड्या कानावरून आत सरकवायच्या, आणि काही मॉडेलमध्ये गालाच्या पॅडमुळे काडी आतच जात नाही किंवा गेली तरी कानशिलावर दाबते, अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये डोकं ठणकायला लागतं. दुकानात चष्म्यासकटच घालून बघा. जाड काडीच्या फ्रेमऐवजी सरळ बारीक धातूच्या काडीची जुनी फ्रेम असेल तर ती ट्रॅकसाठी ठेवून द्या. माझ्या हेल्मेटबद्दल तक्रार म्हणाल तर एकच, उन्हाळ्यात हवा कमी खेळते, जुलैमध्ये सेशन संपलं की आतलं अस्तर पिळून काढण्यासारखं ओलं झालेलं असतं. अस्तराच्या आतून सुती किंवा नोमेक्सची (आगीला टिकणाऱ्या धाग्याची) बालाक्लाव्हा, म्हणजे डोकं-मान झाकणारी पातळ टोपी, घातली की बरं पडतं, आणि अस्तर पण वास मारत नाही.

कपडे. हे पटकन सांगतो. क्लबचा नियम साधा असतो, लांब बाह्या, लांब पॅन्ट, नैसर्गिक धाग्याचं कापड, बंद बूट. लोक ह्याला हलक्यात घेतात आणि जिमचा ड्राय-फिट टीशर्ट घालून येतात. तो पॉलिस्टरचा असतो, पॉलिस्टर साधारण अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं, डॉक्टरला ते कातडीसकट काढावं लागतं. सुती कापड जळतं पण वितळून चिकटत नाही, तेवढ्यात तुम्ही गाडीच्या बाहेर पडू शकता. हे आतल्या कपड्यांना पण लागू आहे, नायलॉनचे मोजे वगैरे. साधी जीन्स आणि साधा सुती फुल शर्ट, शून्य खर्च.

रेसिंग सूट एचपीडीईला लागत नाही, घ्यायचाच असेल तर आतला एसएफआयचा (रेसिंगच्या सामानाची मानकं ठरवणारी संस्था) टॅग बघा. ३.२ए/१ म्हणजे एकच थर, थेट ज्वाळेत सेकंड डिग्री भाजायला साधारण ३ सेकंद मिळतात, ३.२ए/५ ला १० सेकंद. ३ आणि १० मध्ये काय फरक असं कोणी म्हणत असेल तर त्याने बेल्ट काढून, दार उघडून, हेल्मेटसकट गाडीतून बाहेर यायला स्वतःला किती वेळ लागतो ते पार्किंगमध्ये एकदा मोजून बघावं. हातमोजे सक्तीचे नाहीत पण स्टिअरिंगवर घामाने हात घसरत नाही म्हणून मी घालतो. बुटाचं तळ पातळ आणि अरुंद हवं, धावायच्या जाड बुटांनी ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटर पण दाबला जातो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. हार्नेस.

ट्रॅकवर नवीन आलेल्या माणसाला तिसऱ्या-चौथ्या इव्हेंटनंतर वाटायला लागतं की वळणात आपण सीटवर घसरतोय, गुडघ्याने दाराला टेकू द्यावा लागतोय, मग तो ऑनलाइन चार-पॉइंटचा, म्हणजे चार ठिकाणी अडकवायचा, हार्नेस मागवतो, लाल किंवा निळा, मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला अडकवतो, फोटो टाकतो. आधी कळस मग पाया. ह्यात काय काय चुकतं ते नीट बघा. गाडीचा तीन-पॉइंट बेल्ट, एअरबॅग, सीटची पाठ, छत, हे सगळं कंपनीने एकत्र क्रॅश करून जुळवलेलं असतं. धडक झाली की तीन-पॉइंट बेल्टमध्ये धड थोडं पुढे वळतं, बेल्ट ठराविक जोर आला की थोडा ढिला सोडतो, आणि डोकं एअरबॅगवर जाऊन टेकतं. हार्नेसमध्ये दोन्ही खांदे सीटला जखडलेले, धड जागचं हलत नाही, मग पुढे जाणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे डोकं, आणि हेल्मेट घातल्यामुळे त्याचं वजन दीड किलोने वाढलेलं. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळाशी येतो. त्याला बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतात, आणि ह्यानेच कितीतरी रेसर गेलेत, १९९४ ला इमोलामध्ये रोलंड रात्झेनबर्गर, १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनामध्ये डेल अर्नहार्ट.

ह्यावरचा इलाज तेव्हा आधीच तयार होता, हे वाचून फार वाईट वाटतं. हान्स. १९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार्ट नावाचा ड्रायव्हर मिड-ओहायो ट्रॅकवर गेला, त्याचा मित्र जिम डाऊनिंग हा स्वतः रेसर, त्याने आपल्या मेव्हण्याला, म्हणजे मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतले बायोमेकॅनिक्सचे प्रोफेसर रॉबर्ट हबर्ड यांना विचारलं की ह्यावर काही करता येईल का, आणि त्यातून हे यंत्र निघालं. खांद्यावर बसणारी एक कडक कॉलर, ती हार्नेसच्या दोन पट्ट्यांच्या खाली दाबलेली, आणि तिच्या मागून दोन दोऱ्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना. धडक झाली की डोकं दोऱ्या सोडतील तेवढंच पुढे जातं आणि ताण मानेऐवजी कॉलरमधून पट्ट्यांवर जातो. ऐंशीच्या दशकात तयार झालेली गोष्ट, पण ड्रायव्हर लोक म्हणायचे अडचण होते, गळ्याला टोचतं. अर्नहार्ट गेल्यावर २००१ च्या ऑक्टोबरमध्ये नॅसकार ह्या अमेरिकेतल्या मोठ्या रेस मालिकेने हान्स किंवा तशाच दुसऱ्या उपकरणाची सक्ती केली, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये. आता कोणी त्याशिवाय बसत नाही.

मित्राचा हान्स मी त्याच्या गाडीत घालून चालवलाय, अनुभव सांगतो. वजन जाणवतच नाही इतकं कमी. मान डावी-उजवीकडे पुरेशी फिरते, पण खांद्यावरून मागे वळून बघता येत नाही, त्यामुळे पिट लेनमधून (ट्रॅकवर जायच्या बाजूच्या रस्त्यावरून) बाहेर पडताना आरसे आधीच मोठे लावून घ्या. सेडान-हॅचबॅकमध्ये सरळ बसणाऱ्यांना साधारण २० अंशाचं मॉडेल लागतं, फॉर्म्युला गाडीत आडवे झोपणाऱ्यांना जास्त अंशाचं. कॉलरबोनवर पहिल्यांदा टोचतं, खालची पॅडिंग चांगली घेतली तर जातं. एसएफआय ३८.१ चा टॅग हवा आणि दर पाच वर्षांनी परत तपासून घ्यावा लागतो. किंमत चारशे-पाचशे डॉलरपासून पुढे. वस्तू म्हणून अप्रतिम आहे, माझ्या लेखी ह्या खेळातला सगळ्यात मोठा शोध.

पण माझ्या गाडीत मी तो घेत नाही, कारण हान्स दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्यांनी दाबला गेला तरच काम करतो आणि तीन-पॉइंट बेल्टला पट्टी एकाच खांद्यावर असते. म्हणजे हान्सला हार्नेस हवा. हार्नेसला पाच किंवा सहा पॉइंट हवेत, कारण चार-पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा हाडावरून वर सरकून पोटावर येतो आणि धडकेत माणूस खालून घसरतो, आतडी-यकृत दाबलं जातं, ते टाळायला मांड्यांमधून पट्टा लागतो. श्रॉथ कंपनीचे चार-पॉइंटचे काही हार्नेस घसरण रोखायची वेगळी रचना घेऊन येतात आणि काही क्लब ते चालवतात, पण तो अपवाद आहे, ऑनलाइन मिळणारे शोभेचे पट्टे म्हणजे ते नव्हे. मांड्यांमधल्या पट्ट्याला आणि खांद्यांच्या पट्ट्यांना भोकं असलेली फिक्स रेसिंग सीट लागते. ती बसवली की सीटमधली साइड एअरबॅग गेली. खांद्याचे पट्टे मागे जवळपास आडवे किंवा थोडेसेच खाली, साधारण २० अंशांपर्यंत, जायला हवेत, मागच्या सीटच्या जमिनीच्या बोल्टला बांधले तर धडकेत ते खांदे खाली ओढतात आणि मणका दबतो, म्हणून त्यांना बांधायला आडवी दांडी लागते. आणि हार्नेसमध्ये माणूस ताठ जखडलेला असतो, गाडी उलटली आणि छत दबलं तर बाजूला कलंडायला जागाच नाही, म्हणून रोल बार लागतो. नुसती हार्नेसची आडवी दांडी म्हणजे रोल बार नाही, ती छताला काडीचाही आधार देत नाही, हे विकणारे लोक मुद्दाम स्पष्ट लिहीत नाहीत.

इथे पण संपलं नाही. बहुतेक क्लबचा नियम आहे की ड्रायव्हरला जो बेल्ट, तोच इन्स्ट्रक्टरच्या सीटला. म्हणजे सगळं दोनदा. आणि हा नियम मला शंभर टक्के योग्य वाटतो, तो माणूस स्वतःचा शनिवार-रविवार घालवून अनोळखी नवशिक्याच्या शेजारी बसतो, त्याला कमी प्रतीचा बेल्ट देऊन कसं चालेल. बेरीज केली तर दोन-तीन हजार डॉलर सहज ओलांडतात. वर एसएफआयच्या हार्नेसच्या पट्ट्यांना तारीख असते, बनवल्यापासून दोन वर्षं, मग बदला, कारण उन्हाने धागा कमजोर होतो.

आणि रोजच्या गाडीत रोल बार बसवायचा म्हटलं तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या जी फार कमी लोक बोलतात. ऑफिसला जाताना तुम्ही हेल्मेट घालत नाही. मागून कोणी साध्या वीस मैलांच्या वेगाने ठोकलं तरी उघडं डोकं त्या पाइपवर जाऊ शकतं, वर फोम लावलेला असला तरी. मागे पोरं बसत असतील तर विचारच करू नका. म्हणून जी गाडी घर आणि ट्रॅक दोन्ही करते तिला कंपनीची सिस्टीमच पूर्ण ठेवा. घसरण्याचा त्रास कमी करायला फुकटचा उपाय आहे, सीट एक-दोन खाच मागे घ्या, बेल्ट लावून झटका देऊन लॉक करा, आणि लॉक धरून सीट पुढे आणा, कमरेचा पट्टा घट्ट बसतो. माझं बहुतेक काम एवढ्यावर झालंय.

ज्याला पूर्ण वाट चालायची आहे त्याने ट्रॅकसाठी वेगळी जुनी गाडी घ्यावी. आमच्या ओळखीच्या एकाने जुनी मियाटा (माझ्दाची छोटी, उघड्या छताची गाडी) घेऊन तेच केलं, रोल बार, दोन सीट, दोन सहा-पॉइंट, हान्स, सगळं केल्यावरच पहिला लॅप मारला, मला त्याचं फार कौतुक वाटतं. उघड्या छताच्या गाडीला आणखी एक टेस्ट असते, रोल बारच्या वरच्या टोकापासून काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरतात, चक्क झाडूचा दांडा, आणि हेल्मेट घातलेलं डोकं त्याच्या खाली हवं, बरेच क्लब दोन इंच खाली मागतात. त्याची उंची सहा फूट, डोकं वर येत होतं. सीटचे रूळ काढून, सीट थेट जमिनीला बोल्ट करून बसला तेव्हा पास झालं.

टेक इन्स्पेक्शनबद्दल थोडं, कारण सेवा म्हणून त्याचा पण रिव्ह्यू द्यायला हवा. मी ज्या क्लबबरोबर जातो तिथले स्वयंसेवक फार मनापासून तपासतात. चाक धरून हलवतात, बॅटरी हाताने ओढून बघतात, ब्रेक लाइट, गळती, पॅडची जाडी. ब्रेक फ्लुइड सहा महिन्यांत बदललंय का ते विचारतात, आणि ते का तर फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, नवीन डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं पण पाणी शोषलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, आणि उकळलं की पेडल सरळ जमिनीला टेकतं. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करून दाखवावे लागतात, माझ्या जीटीआयला १२० न्यूटन मीटर, आणि दुपारी परत एकदा, चाकं गरम होऊन थंड झाल्यावर. गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर. सगळं म्हणजे सगळं, पायाखालचे मॅट, पाण्याची बाटली, काचेवरचा ई-झेडपास (टोलचा टॅग), डॅशबोर्डवरचा गणपती पण. डॅशबोर्डला दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवलेली पितळेची मूर्ती धडकेत सुटली तर काय होईल, हे त्या स्वयंसेवकाने मला खूप अदबीने समजावलं, मी रुमालात गुंडाळून पॅडॉकमध्ये बॅगेत ठेवली. अग्निशामक सिलिंडर सक्तीचा नव्हता, पण लावला तर प्लास्टिकच्या क्लिपमध्ये चालत नाही, धातूच्या ब्रॅकेटमध्ये बोल्ट केलेलाच हवा.

पुण्याच्या मावसभावाने परवा विचारलं, दादा माझ्याकडे बुलेटचं आठ हजारांचं फुल-फेस आहे, कोइम्बतूरला ट्रॅक डे आहे, चालेल ना? भारतात नियम ऑर्गनायझरप्रमाणे बदलतात, काही ठिकाणी गेटवर आयएसआयचं हेल्मेट बघून सोडतात. पण आयएस ४१५१ हे दुचाकीस्वारांसाठीचं स्टँडर्ड आहे, आगीची, रोल बारची टेस्ट त्यात नाही. त्याला म्हटलं, अरे गेटवरच्याला चालेल, मला चालणार नाही. तिकडे करी स्पीडवे असो, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट असो नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध, उष्णता इतकी असते की सगळे ड्राय-फिटमध्येच दिसतात, म्हणून सुती कपड्यांचं तिथे दुप्पट महत्त्वाचं. आता तो एसए बघतोय, आणि त्याने आधी विचारलं की मी इकडून आणू का. आणता येईल, पण डोकं न मोजता परस्पर साइझ सांगून मागवलेलं हेल्मेट मी कोणाला आणून देणार नाही, म्हणून त्याला कपाळाच्या घेराबरोबर डोक्याचा वरून काढलेला फोटो पण पाठवायला सांगितलाय.

खरेदीच्या वेळेबद्दल शेवटचं. एसए२०२५ ची हेल्मेट २०२५ च्या शेवटाकडे बाजारात आली, त्यामुळे एसए२०२० वर सवलती दिसतील. पूर्ण सीझन जाणार असाल आणि बजेट असेल तर २०२५ घ्या, क्लब ते जास्त वर्षं मान्य करतील. वर्षातून एखाद वेळेस जाणार असाल आणि डोक्याला बरोबर बसणारं २०२० सवलतीत मिळत असेल तर बिनधास्त घ्या. पहिल्यांदाच जात असाल आणि आवडेल की नाही माहीत नसेल तर काहीच घेऊ नका, बरेच क्लब हेल्मेट भाड्याने किंवा उसनं देतात, फक्त आठवडाभर आधी ईमेल करून साइझ सांगून ठेवा, कारण मोठ्या साइझची सगळ्यात आधी संपतात.